गोधडीत गोल तुकडा जोडताना चुण्या पडतात

जुन्या सुती साड्यांची गोधडी करतेय, पाव गोल त्याच्या खाचेत जोडला की चुण्या येतातच. काय करू?
– मालवण

ताई, दोन्ही तुकडे दुमडून मध्यावर खूण करा, आधी तिथे टाचणी, मग टोकांना, मग मधेमधे. खाचेचा तुकडा वर, त्याच्या कडेला ३-४ मिमी कात्रे मारा, शिवण पाव इंच आणि टाका २ मिमी. कापड ओढू नका, अडलं की सुई आत ठेवून मशीनचा फूट (कापड दाबणारा पाय) उचला.
– रत्नागिरी

विरलेल्या साडीला कात्रे नकोच बाई, उसवते. कापायच्या आधीच भाताच्या पेजेची खळ देऊन इस्त्री मारा, पावसात तर नक्कीच.
– वेंगुर्ला

खळ दिली, आता एकच चुणी राहिली, टोकाला.
– मालवण