तणनाशकाची कपाशी की सरळ वाण? कोरडवाहू शेतीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आमची साडेचार एकर कोरडवाहू, मध्यम खोलीची जमीन आहे. येत्या खरिपात कोणते कापूस बियाणे घ्यावे यावर घरात एकमत होत नसल्यामुळे अनुभवी शेतकऱ्यांकडे सल्ला मागत आहे.

2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाल्यानंतर हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, हे वडील आजही सांगतात आणि ते खरेच आहे. परंतु 2006 मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटीलाही गुलाबी बोंडअळी पुढे जुमानेनाशी झाली. 2017 मध्ये आमची बोंडे आतून पोखरली गेली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर दगावले. बीटीचे हे संकरित बियाणे मात्र दरवर्षी नव्याने, बहुधा उधारीवरच, घ्यावे लागते.

निंदणाला वेळेवर मजूर मिळत नसल्याने वडिलांचा कल आता तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीकडे, म्हणजे गावात ज्याला 'चोरबीटी' म्हणतात तिकडे आहे. त्या बियाण्याला परवानगी नाही, पावती मिळत नाही, म्हणून उगवण फसली तर तक्रारही करता येत नाही. मला याहून मोठी काळजी तुरीची वाटते. कपाशीत आम्ही तुरीची तासे आणि कडेने बरबटी (चवळी) घेतो. ते तणनाशक फवारले तर ही दोन्ही पिके जळतील, आणि कापूस बुडालेल्या वर्षी घर तुरीनेच सावरले आहे. शिवाय वेचणी सुरू होण्यापूर्वीच्या महिन्यांत गावातल्या बायांच्या हातात येणारा पैसा मुख्यतः निंदणाचाच असतो. मजूर मिळत नाहीत ही आमची अडचण खरी आहे, पण त्यांचे कामच संपवणे मला पटत नाही.

म्हणून दोन एकरांवर एकेए-7 हे देशी सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण लावावे असा माझा विचार आहे. घरचे बी राखता येईल, हे त्यातले मुख्य आकर्षण. मात्र त्याची बोंडे लहान असतात, वेचणीला वेळ लागतो आणि धागा आखूड असतो. ज्यांनी हे वाण अलीकडे घेतले आहे त्यांनी कृपया सांगावे, की जिनिंगवाले हा कापूस वेगळा घेतात का, भावात किती फरक पडतो, आणि तुरीसह लागवडीचे अंतर किती ठेवले? निंदणाचा खर्च कमी करायला डवरणीच्या (बैलांच्या डवऱ्याने ओळींमधले तण काढण्याच्या) किती पाळ्या पुरल्या, हेही कळले तर वडिलांपुढे हिशेब मांडता येईल.