लेकाचं मनगट वाकडं जुळतंय, डॉक्टर म्हणतात आपोआप सरळ होईल. खरंच होतं का?

मंडळी, मदत हवी आहे. मुलगा ८ वर्षांचा, तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीत सायकलवरून पडला, हात टेकवला आणि मनगटाच्या जरा वर रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड, मोडलं. प्लास्टर आहेच, पण काल परत एक्स-रे काढला तर हाड थोडं वाकडं, डॉक्टर म्हणे १२ अंश आहे, या वयात चालतं, आपोआप सरळ होईल, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं पण! आपोआप म्हणजे कसं? खुर्चीचा पाय वाकडा चिकटवला तर वाकडाच राहतो ना?

घरी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली तर हाडाच्या टोकाशी आडवी काळी फट, पलीकडचा तुकडा बशीसारखा सुटाच. हे दुसरं फ्रॅक्चर का? मनगटातले ते खड्यांसारखे तुकडे मोजले तर ७ च भरले, नेटवर ८ लिहिलंय. सासूबाई म्हणतात गावाकडे हाडवैद्याकडे चला, ओढून बसवतो, वर कांडवेलीचा लेप. त्यांना काय सांगू, मलाच काही कळलेलं नाही.

प्रतिसाद १:
ऑर्थोमध्ये काम करते म्हणून लिहितेय. ती फट म्हणजे ग्रोथ प्लेट, कूर्चेची चकती. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही म्हणून काळी दिसते. हात लांब होतो तो तिथून, रेडियसची जवळजवळ पाऊण वाढ मनगटाकडच्याच टोकाला होते, सोळा-अठराव्या वर्षाच्या आसपास चकती भरून हाड सलग होतं. आणि ७ बरोबर मोजलेत हो, आठवं पिसिफॉर्म अजून कूर्चेचंच असणार, ते साधारण ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतं.

खुर्चीचं लाकूड मेलेलं असतं, हाड जिवंत आहे. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं घालतात, हे काम चालूच. बाकाच्या आतल्या बाजूवर दाब येतो तिथे भर पडते, बाहेरची बाजू झिजते, शिवाय तिरकी झालेली प्लेट वाढता वाढता सरळ होते. प्लेटच्या जवळचा बाक, तोही सांधा वाकतो त्या दिशेचा असेल तर लहान मुलांत छान सुटतो, वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं. पीळ पडला असेल तर मात्र सुटत नाही. म्हणून डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा, पीळ आहे का आणि फ्रॅक्चर प्लेटमधून गेलंय का. गेलं असेल तर वाढ अडू शकते, पुढेही एक्स-रे काढून लक्ष ठेवावं लागतं.

हाडवैद्य नकोच. आता कुठे कच्च्या हाडाची गाठ धरलीये, ओढाओढीत तीच मोडायची. वर घट्ट पट्टीने रक्त अडलं तर वेगळंच. बोटं थंड, निळी, बधिर वाटली किंवा सरळ करताना खूप दुखली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, हे प्लास्टरलाही लागू.

धागाकर्ती:
थँक्यू ताई! फोन केला, पीळ नाही आणि फ्रॅक्चर प्लेटमधून गेलेलं नाही म्हणाले. सासूबाईंना ती फट दाखवली तर म्हणे, म्हणजे पोरगा अजून उंच व्हायचाय. गावाला जाणं कॅन्सल. कांडवेल मात्र मागवलीये, कुंडीत लावणार आहेत.