डॅशबोर्डचा काटा खरं सांगतो का? ट्रकला स्वतःचे सेन्सर आणि टॅबलेटवर मीटर बसवणं पटतं का तुम्हाला?

उलटा_गिअर:
सरळ मुद्द्यावर येतो. लोड घेऊन चढ चढत होतो, टेंपरेचरचा काटा नेहमीसारखा बरोब्बर मधे, आणि दोन मिनिटांत तो उचलून लाल पट्टीत गेला. थांबवेपर्यंत हेड गॅस्केट गेलं होतं. सगळे म्हणाले तुझं लक्ष नव्हतं. लक्ष होतं हो, काट्यावरच होतं!

गाडी रिपेअर झाल्यावर कूलंटच्या लाइनमध्ये एक वेगळा सेन्सर घातला आणि शेजारी आकडा बघत गाडी चालवली. ८२ डिग्रीपासून १०५ पर्यंत कंपनीचा काटा जागचा हलला नाही. म्हणजे तो काटा मुद्दाम असा बनवलाय की माणसाने घाबरू नये. बऱ्याच गाड्यांच्या ऑइल प्रेशरच्या काट्याचं पण तसंच, मागे खरा सेन्सर नसतोच, नुसता स्विच असतो, थोडंसं प्रेशर आलं की काटा मधे जाऊन बसतो.

तेव्हापासून माझ्याकडे हे आहे: कूलंट आणि गिअरबॉक्स ऑइलला एनटीसी सेन्सर (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा), इंजिन ऑइलला तीन वायरचा प्रेशर सेन्सर, एक्झॉस्टला के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडावरून तापमान सांगणारा सेन्सर). थर्मोकपलचे सिग्नल वाचायला मॅक्स३१८५५ चिप, बाकीच्यांना एडीएस१११५ (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप, म्हणजे एडीसी), कारण ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा स्वतःचा एडीसी टोकाच्या व्होल्टेजला सरळ वाचत नाही. ईएसपी३२ वरून यूएसबीने आकडे जुन्या टॅबलेटवर, आणि रिअलडॅश ॲपमध्ये मीटर. माझं मत स्पष्ट आहे, जुन्या डिझेलवर जो वजन ओढतो त्याने हे केलंच पाहिजे. ज्यांना पटत नाही त्यांनी का ते सांगा.

जुना_स्टेअरिंग:
मला नाही पटत, आणि माझ्याकडे पण अनुभवच आहे. ऑइल प्रेशरचा नवा सेन्सर बसवायला मूळ स्विचच्या जागी पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावली, टीवर कंपनीचा स्विच आणि दुसऱ्या बाजूला तो जडसा नवा सेन्सर. इंजिनच्या थरथरीने टी आट्यांपाशी तुटली, ऑइल सगळं रस्त्यावर. ऑइल प्रेशर कळावं म्हणून जे लावलं त्यानेच ऑइल प्रेशर घालवलं! इंजिन थोडक्यात वाचलं कारण कंपनीचा लाल दिवा लागला आणि मी ताबडतोब बंद केलं.

प्रत्येक नवीन सेन्सर म्हणजे एक नवीन भोक, एक नवीन जोड, एक नवीन वायर. कंपनीने ते इंजिन हजारो तास हलवून तपासलेलं असतं, आपली टी कुणी तपासलीय? आणि टॅबलेट तर मला अजिबात नको. चालवताना समोर रस्ता, आरसे, मागचं लोड, त्यात हे चमकणारे आठ आकडे. ८० च्या स्पीडला दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी ४४ मीटर आंधळी जाते. इंजिनचा आवाज, पिकअप, धुराचा रंग यातून माणसाला कळतं, कळायला पाहिजे.

चौथा_गिअर:
टॅबलेट कशाला पण, दोन गोल मीटर लावा, कूलंट आणि ऑइल, विषय संपला.

उलटा_गिअर:
@जुना_स्टेअरिंग काका, तुमची टी तुटली हे वाईटच झालं पण चूक सेन्सरची नाही, बसवण्याची आहे. एवढं वजन टीवर लटकवायचंच नसतं. ब्लॉकपासून प्रेशरची होज काढायची, सेन्सर बॉडीला किंवा ब्रॅकेटला घट्ट बांधायचा, मग थरथर होज खाते, आटे नाही. आणि आटे बसवण्याआधी मोजा, १/८ एनपीटी (इंची, निमुळते) आणि एम१० (मिलिमीटरचे) दोन-तीन आटे एकमेकांत आरामात जातात आणि मग लीक होतात, टेप गुंडाळून ते सुधारत नाही.

आवाजावरून कळतं हे मी पण मानत होतो. कूलंट १०५ ला गेलं तेव्हा इंजिनचा आवाज तसूभर बदलला नव्हता.

तारजोड:
मी गाड्यांचं वायरिंग करतो त्यामुळे थोडं लांबेल. सेन्सर लावा या बाजूचा मी आहे, पण जसं तुम्ही लिहिलंय तसं बहुतेक लोक करतात आणि मग मीटर कंपनीच्या काट्यापेक्षा जास्त खोटं बोलतं, फरक इतकाच की ते दशांश चिन्हासकट खोटं बोलतं म्हणून खरं वाटतं.

आधी प्रेशर सेन्सर घ्या. ०.५ ते ४.५ व्होल्टवाला, १० बारचा, म्हणजे एका बारला ०.४ व्होल्ट. हा सेन्सर त्याला मिळालेल्या ५ व्होल्टच्या प्रमाणात आउटपुट देतो. चार्जर टॅबलेटला पण चालवतोय, लाइन ४.७ ला पडली, की खरं ४ बार असताना तुम्हाला ३.७ दिसणार. तुम्ही पंप खोलणार, काही सापडणार नाही. उपाय साधा आहे, एडीएस१११५ ला चार चॅनेल असतात, त्यातल्या एकावर ती ५ व्होल्टची लाइनच मोजा आणि भागाकार करा. हे करणारे फार कमी बघितलेत.

दुसरं, अर्थ. सेन्सरचा अर्थ केबिनच्या बॉडीला आणि बोर्डाचा बॅटरीला, असं केलं की स्टार्टर, लाइट, ब्लोअर यांचा करंट त्याच वाटेने जातो आणि लाइट लावला की टेंपरेचर बदलतं. सेन्सरची अर्थ वायर वेगळी ओढून थेट बोर्डापर्यंत आणायची. थर्मोकपलची वायर कमी पडली तर साधी तांब्याची जोडायची नाही, के टाइपचीच पाहिजे, कारण तो एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्टच देतो आणि मधेच धातू बदलला की त्या जोडाचं तापमान पण मोजमापात शिरतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि यावरून माझी लोकांशी भांडणं होतात. वायर तुटली तर मीटर काय दाखवतं? एनटीसी गरम झाला की रेझिस्टन्स कमी होतो. वायर तुटली म्हणजे रेझिस्टन्स अनंत, म्हणजे मीटर म्हणणार इंजिन बर्फासारखं थंड! ड्रायव्हर निवांत. प्रेशर सेन्सरचा शून्य ०.५ व्होल्टवर ठेवलाय तो याचसाठी, ० व्होल्ट आले तर ते प्रेशर शून्य नाही, ती वायर गेलीय. प्रोग्राममध्ये या दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखून स्क्रीनवर सेन्सर बंद असं लिहून येत नसेल तर तुमचं मीटर गाडीत ठेवायच्या लायकीचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि टॅबलेटला माझा पण विरोध. उन्हात बंद केबिनमध्ये काचेमागे लिथियम बॅटरी ठेवून तिला दिवसभर चार्जवर लावणं हे मला भीतीदायक वाटतं. ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक बॅटऱ्यांचं असतं, काचेखाली ६० सहज होतं. फुगलेले टॅबलेट मी स्वतः काढलेत.

उलटा_गिअर:
@तारजोड वायर तुटल्यावर थंड दाखवतं हे माझ्या प्रोग्राममध्ये हाताळलेलं नाही. आजच करतो. टॅबलेट मी उतरताना काढून नेतो त्यामुळे फुगण्याचं अजून तरी काही नाही.

पण @चौथा_गिअर, दोन गोल मीटरने काम होत नाही ते यामुळे. मला फक्त आत्ताचा आकडा नको असतो, मागचा पण पाहिजे असतो. मी एकाच चढाच्या नोंदी ठेवतो, जवळपास तेवढंच लोड, तोच गिअर. एकदा एक्झॉस्टचं तापमान नेहमीपेक्षा ४० डिग्री वर दिसलं, दुसऱ्या खेपेला परत तेच. गाडी चालायला ठीक होती, धूर किंचित जास्त. शोधलं तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या रेडिएटरचा) रबरी पाइप क्लॅम्पखाली चिरलेला, हवा बाहेर जात होती. गोल मीटरवर मला हे कधी कळलं असतं? मागच्या महिन्यात काटा कुठे होता हे कुणाला आठवतं?

बस_लाइन:
तुम्ही सगळे भोकं पाडण्यावरून भांडताय, पण गाडी त्यातल्या त्यात नवी असेल तर अर्धे आकडे आधीच वायरमध्ये फिरत असतात. मोठ्या ट्रकमध्ये जे१९३९ असतं, म्हणजे गाडीचे कंट्रोलर ज्या कॅन लाइनवर एकमेकांशी बोलतात तिची ठरलेली भाषा, सेकंदाला २५० किंवा ५०० किलोबिटने. कूलंट टेंपरेचर पीजीएन (संदेशाचा नंबर) ६५२६२ मध्ये, एका आकड्याला १ डिग्री आणि ४० वजा करायचे. ऑइल प्रेशर ६५२६३ मध्ये, एका आकड्याला ४ किलोपास्कल. आरपीएम ६१४४४ मध्ये, ०.१२५ ने गुणायचं. काट्याला जरी गुळगुळीत करून दाखवत असले तरी लाइनवर बहुतेकदा खरा आकडा असतो. एक कॅन ट्रान्सिव्हर (त्या लाइनला जोडायची चिप) आणि नुसतं ऐकायच्या मोडमध्ये ईएसपी३२, एकही आटा न फिरवता काम होतं.

ऐकायच्या मोडमध्येच, हे परत लिहितो. त्या लाइनवर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचा कंट्रोलर सगळे बोलत असतात, आपण चुकीच्या स्पीडने मधे बोललो तर सगळी लाइन अडते. आपल्या मॉड्यूलवर १२० ओहमचा रेझिस्टर आधीच लावलेला असेल तर तो काढा, लाइनच्या दोन टोकांना दोनच असतात आणि सगळं बंद असताना मीटरने ६० च्या आसपास दिसायला पाहिजे. आणि १२ व्होल्टसाठी बनवलेला अडॅप्टर २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये खोचू नका.

तारजोड:
बस_लाइनशी सहमत, पण जुन्या गाडीवाल्याला ही सोय नाही, आणि टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट टेंपरेचर सगळ्याच गाड्या लाइनवर देत नाहीत. २४ व्होल्टवरून आठवलं, बोर्डासाठी व्होल्ट कमी करणारा साधा एलएम२५९६ चा कन्व्हर्टर ४० व्होल्टपर्यंतचा. चालू गाडीत बॅटरीची वायर सैल झाली की अल्टरनेटरचा झटका १२ च्या गाडीत ८०-१०० व्होल्टपर्यंत आणि २४ मध्ये १५० च्या वर जाऊ शकतो. टीव्हीएस डायोड (असा झटका शोषून घेणारा) लावा, आणि फ्यूज बॅटरीच्या शेजारी, बोर्डाच्या शेजारी नाही, फ्यूज वायरला वाचवायला असतो.

जुना_स्टेअरिंग:
बराच वेळ वाचतोय. होजवाला मुद्दा मान्य, मला कुणी सांगितलं नव्हतं. नोंदी ठेवायचं पण समजलं, आम्ही डायरीत डिझेल लिहितो तसंच आहे ते.

पण मला एकाने तरी सांगा, रात्री पावसात, समोरून लाइट, ओव्हरटेक चालू, अशा वेळी ऑइल प्रेशर पडलं तर टॅबलेट मला कसं सांगणार? मी तिकडे बघणारच नाही. त्यात टॅबलेट हँग झाला असेल, अपडेट चालू असेल, शेवटचा आकडा तसाच गोठून दिसत असेल. कंपनीचा दिवा हँग होत नाही. आणि एक गोष्ट तुम्हा शिकलेल्या पोरांकडून यायला पाहिजे होती ती आली नाही, की कूलंट गळून गेलं आणि सेन्सर नुसत्या वाफेत राहिला तर आकडा उलट खाली येतो. माझ्या डोळ्यासमोर एकाचं इंजिन असं गेलंय, तो म्हणत होता गाडी थंड होतेय.

उलटा_गिअर:
काका हे शंभर टक्के खरं आहे आणि माझ्याकडे त्यावर काही नाही. टाकीत लेव्हलचा सेन्सर पाहिजे, किंवा कूलंटचं प्रेशर मोजायचं, पाइप फुटला की प्रेशर आधी पडतं.

हँग होण्याबद्दल, बझर टॅबलेटला जोडायचाच नाही, ईएसपी३२ च्या पिनवरून ट्रान्झिस्टरने थेट. टॅबलेट बंद असला तरी वाजला पाहिजे. आणि स्क्रीनवर एक ठिपका लुकलुकत ठेवायचा जो प्रत्येक नव्या आकड्याला बदलतो, थांबला की समजायचं आकडे शिळे आहेत. कंपनीचा स्विच आणि लाल दिवा मी काढलेला नाही, तो कुणीच काढू नये.

जुना_स्टेअरिंग:
मग बझर आणि मोठा लाल दिवा एवढंच डोळ्यासमोर ठेवा, टॅबलेट बाजूच्या सीटवर, गाडी थांबल्यावर बघायला. एअरबॅगच्या झाकणावर तर चुकूनही स्टँड चिकटवू नका. एवढं केलंत तर माझा विरोध अर्धा कमी.

राहिलेला अर्धा त्या एक्झॉस्टच्या भोकाला आहे. मॅनिफोल्डला टर्बोच्या आधी भोक पाडायचं, आटे पाडायचे, आणि चुरा? लोक म्हणतात इंजिन चालू ठेवून ड्रिल करा, चुरा बाहेर उडतो. सगळा भोकातूनच उडतो असं कुणी सांगितलं? उरलेल्याची वाट टर्बाइनमधूनच जाते ना!

उलटा_गिअर:
म्हणूनच मी टर्बो उतरवून पाडलं. दिवस गेला पण आत हात घालून, चुंबक फिरवून साफ करता आलं.

चौथा_गिअर:
टर्बोच्या मागे लावा की, पाइपला भोक पाडून नट वेल्ड करायचा, टर्बोला काही होत नाही.

तारजोड:
मागे लावलं तर आकडा शंभर-दीडशे डिग्री कमी येतो, कधी त्याहून जास्त, आणि तो फरक लोडप्रमाणे बदलतो म्हणून ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. ७०० च्या वर सतत ठेवू नये असं जे सगळे सांगतात ते टर्बोच्या आधीचं.

जुना_स्टेअरिंग:
ज्याला टर्बो उतरवायची हिंमत आणि वेळ नाही त्याने आधीच्या जागेचा नाद करू नये. मागे लावावं, सगळं व्यवस्थित असताना चढाला आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा काय येतो तो डायरीत लिहावा आणि त्याच्याशी तुलना करावी. तुम्हीच म्हणालात ना ४० डिग्रीचा फरक महत्त्वाचा, आकडा नाही.

उलटा_गिअर:
चिरलेल्या पाइपासारखी बिघाडी शोधायला हे चालेल काका. पण चढावर पाय कधी उचलायचा हे ठरवायला मला टर्बोच्या आधीचाच आकडा लागतो, त्यावर मी हटणार नाही. लेव्हल सेन्सर बसवला की जोडणीचा फोटो टाकतो, @तारजोड अर्थ कुठे घेतलाय ते तेव्हा बघून सांगा.