मदत हवी आहे: काट्यावरचा मोह

प्रभूच्या नावात सलाम. मी सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तोलाईचं काम करतो. एक खरेदीदार मागे लागलाय, पोत्यामागे अर्धा किलो कमी लिही म्हणून. परवा त्याने पाकीट वहीत सरकवलंच. परत दिलं, पण हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. मुलीची फी थकलीय. (घरी अजून बोललो नाही.)

बायबलमधलं १ करिंथ १०:१३ हे वचन तोंडपाठ आहे, देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करतो. पण काट्यासमोर शेतकरी पिवळ्या हातांनी पोती मोजत उभा असतो, तेव्हा तो उपाय दिसत नाही.

धंद्यात असा मोह कुणी टाळलाय का? प्रार्थनेबरोबर नेमकं काय केलंत? मालकाला सांगू, की कामच बदलून मागू?