मदत हवी आहे: हाताची घडी म्हणजे नकारच का?

परवा एका मुलीला दुसऱ्यांदा भेटलो. गप्पा रंगात आल्या होत्या, तेवढ्यात तिने हाताची घडी घातली आणि मी मनातल्या मनात गारद. देहबोलीच्या व्हिडिओंत सांगतात ना, घडी म्हणजे दार बंद! एसीचा झोत थेट तिच्या अंगावर येत होता, हे घरी आल्यावर आठवलं. शिवाय फोन तिने एकदाही बाहेर काढला नाही, आणि निघायला उठली ती बोलता बोलता परत बसली. यातलं खरं काय धरायचं?

ते ‘५५ टक्के संवाद देहबोलीतून’ सांगू नका. हा आकडा ज्यांतून आला, ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग फक्त भावना आणि आवडनिवड यांपुरते होते.

दुसरी पंचाईत माझीच. नजर द्यायची म्हणून इतका टक लावून बघत बसलो की तिने विचारलं, "चेहऱ्याला काही लागलंय का?" हातांचं काय करायचं तेही कळत नाही, ग्लास फिरवत बसतो.

अनुभवी मंडळींनो, शंका आली की तुम्ही सरळ विचारता का? नेमकं कोणत्या शब्दांत? शनिवारी परत भेटायचंय.