कंट्रोलमध्येही फॉस्फो-एएमपीकेची पट्टी: अँटिबॉडी बाद की मी?

प्रश्न (लातूरचा_पेशीवाला):
हेपजी२ (यकृताच्या कर्करोगाच्या) पेशींवर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध टाकून एएमपीके, म्हणजे पेशीतली ऊर्जा घटली की जागं होणारं एन्झाइम, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटिबॉडीनं ओळखायची पद्धत) बघायलोय. थ्रिओनिन १७२ या जागी फॉस्फेट लागल्याची, म्हणजे एन्झाइम चालू असल्याची, फॉस्फो पट्टी ६२ किलोडाल्टनच्या आसपास झकास येते, पण औषध न दिलेल्या कंट्रोलमध्येही तेवढीच! एकूण अल्फाची (एएमपीकेचाच उपघटक, फॉस्फेट असो वा नसो) पट्टी दोन्हीकडं सारखी, म्हणजे लोडिंगचा घोळ नाही. ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडं चिकटू नये म्हणून मेम्ब्रेनची रिकामी जागा झाकणं) दूध पावडरीत. सर म्हणतात, अँटिबॉडी बाद, दुसरी मागव. मागवायची म्हणजे पुन्हा दीड महिना वाट बघणं आलं, म्हणून आधी इथं विचारायलोय.

नांदेडची_ताई:
पेशींचं माध्यम (त्यांचं अन्नद्रव) कधी बदललं होतं? आणि पेशी काढल्या कशा?

लातूरचा_पेशीवाला:
शनिवारी पेशी भरल्या, सोमवारी दुपारी काढल्या. माध्यम पिवळं पडलं होतं, म्हणजे जुनं झालेलं, खरं सांगतो. खरवडताना लाइट गेली, बर्फही संपलेला. वीसेक मिनिटं पेशी तशाच पीबीएसमध्ये (नुसत्या मिठाच्या द्रावणात).

नांदेडची_ताई:
मग पट्टी खरीच असणार रे, तुझा कंट्रोल उपाशी आहे! एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) घटून एएमपी (त्याचं खर्च झालेलं रूप) वाढलं की ते एएमपीकेच्या गॅमा उपघटकाला चिकटतं आणि एलकेबी१ या दुसऱ्या एन्झाइमनं लावलेला फॉस्फेट सहजी निघू देत नाही. मेटफॉर्मिनसुद्धा मायटोकॉन्ड्रियाला (पेशीच्या वीजघराला) अडवून तीच टंचाई आणतं. अँटिबॉडीला फॉस्फेट दिसतो, तो भुकेनं लागला की औषधानं, ते तिला काय कळणार?
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात कुणी अंगणात सडा टाकत होतं का? एएमपीके तेच करतं. एसीसी या चरबी बनवणाऱ्या एन्झाइमच्या सेरिन ७९ वर फॉस्फेट लावून आधी चरबी बनवणं थांबवतं. म्हणून फॉस्फो-एसीसीही बघ, पण प्रथिन २६५-२८० किलोडाल्टनचं, जेल कमी टक्क्याचं (विरळ) घे.
आदल्या रात्री ताजं माध्यम दे. दुसऱ्या दिवशी प्लेट बर्फावर ठेवून थेट लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) टाक, त्यात फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना थांबवायला सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनेडेट हवंच.

बीडकर_ब्लॉटवाला:
दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन, त्यानं पार्श्वभूमी वाढू शकते. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) वापरा. अँटिबॉडीवर संशयच असेल तर कंट्रोलच्या मेम्ब्रेनचा एक तुकडा लॅम्डा फॉस्फटेज या फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवा. सिग्नल तरीही राहिला तर सरांचं खरं.

लातूरचा_पेशीवाला:
शेजारच्या लॅबच्या फ्रीजरात लॅम्डा फॉस्फटेजची अर्धी कुपी सापडली. सिग्नल पार पुसला गेला. एकूण अल्फाची पट्टी मात्र जागेवरच. सरांना अजून सांगितलं नाही, आधी पेशी नव्यानं भरतो. या वेळी सकाळीच काढणार, लाइट जायच्या आत.