क्रॉनच्या जॉबला कुलूप कोणतं: फ्लॉक की पीआयडी फाइल?

रात्रपाळी (धागाकर्ते)
क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी जॉब सोडतो. आधीचा संपला की नाही, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जॉबमधल्या आरसिंकला (फाइलींची नक्कल करणारी कमांड) एखाद्या वेळी सात मिनिटं लागली की दोन आरसिंक एकाच फोल्डरवर तुटून पडतात. यावरचा जुना उपाय पीआयडी फाइलचा (पीआयडी म्हणजे चालू प्रोसेसचा नंबर): फाइल आहे का बघा, नसेल तर आपला पीआयडी लिहून ठेवा. गोम अशी की बघणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, मधल्या फटीत दुसरा शिरतो. शिवाय किल -९ बसला (प्रोसेस जबरदस्तीने मारली) की फाइल मागे उरते. तो पीआयडी जिवंत आहे का तपासावं, तर तोच नंबर एव्हाना भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो.
युटिल-लिनक्समधला फ्लॉक (फाइलवर कुलूप घेऊन मगच काम चालवणारी कमांड) असताना हा खटाटोप कशाला? क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) एक ओळ पुरते, त्यातला -एन म्हणजे कुलूप मिळालं नाही तर न थांबता परत फिर:

*/५ * * * * फ्लॉक -एन /रन/लॉक/बॅकअप.लॉक /ऑप्ट/बॅकअप.एसएच

शेलकरी
असहमत. ती फट एमकेडिरनेही (डिरेक्टरी बनवणारी कमांड) बुजते. डिरेक्टरी आधीच असेल तर कमांड फसतेच, दोघांना एकदम यश मिळत नाही. आणि ते मॅकवरही चालतं, तिथे ही फ्लॉक कमांड मुळातच नसते. पीआयडी फाइलची तारीख बघितली की जॉब कधीपासून अडकलाय तेही कळतं. तुमची रिकामी लॉक फाइल काय सांगणार?

कर्नलवाला
शेलकरी, एमकेडिरची डिरेक्टरीही किल -९ नंतर तशीच पडून राहते. त्या सिग्नलला ट्रॅप लागत नाही, म्हणजे तो पकडून मरण्याआधी आवराआवर करता येत नाही. फ्लॉकचं कुलूप असतं ते उघडलेल्या फाइलच्या डिस्क्रिप्टरला (फाइल उघडल्यावर प्रोसेसला मिळणारा क्रमांक). प्रोसेस मेली की कर्नल (लिनक्सचा गाभा) ते स्वतः सोडतो. कोण धरून बसलंय ते एलएसलॉक्स ही कमांड सांगते, आणि त्या पीआयडीवर पीएस ही कमांड मारली की सुरू झाल्याची वेळही मिळते.
म्हणूनच स्क्रिप्टच्या शेवटी लॉक फाइलवर आरएम (फाइल पुसणारी कमांड) लिहू नका. 'क'कडे कुलूप आहे, 'ख' त्याच फाइलवर थांबलाय. 'क'ने फाइल उडवली आणि तो संपला. 'ख'ला कुलूप मिळालं, पण नाव नसलेल्या जुन्या आयनोडवर (नावामागची खरी फाइल). तेवढ्यात 'ग' आला, त्याच नावाची नवी फाइल बनवून त्यानेही कुलूप घेतलं. आता दोघंही आत! रिकामी फाइल पडून राहिली तर काय बिघडतं? /रन तसंही रीबूटला साफ होतं.

रूटखोर
पण स्क्रिप्टने बॅकग्राउंडला एखादा डेमन (मागे चालतच राहणारी प्रोसेस) सोडला की? तो डिस्क्रिप्टर वारशाने घेतो. स्क्रिप्ट संपते, कुलूप मात्र सुटत नाही, आणि पुढचा प्रत्येक जॉब -एनमुळे गुपचूप परत जातो. क्रॉन मेल पाठवतो तो काही छापलं तरच, इथे तर सगळं शांत. अशा वेळी एलएसलॉक्समध्ये मेलेला पीआयडी शोधत बसू नका. लॉक फाइलवर फ्यूजर -व्ही (फाइल कोणी उघडलीय ते दाखवणारी कमांड) चालवा, डेमन सापडेल.

रात्रपाळी
त्यासाठी -ओ आहे. कमांड सुरू होण्याआधी तिच्याकडचा डिस्क्रिप्टर बंद होतो, कुलूप फक्त फ्लॉककडे राहतं.

रूटखोर
आणि तो फ्लॉकच कोणी मारला तर? कुलूप उघडं, स्क्रिप्ट अजून चालूच. त्यापेक्षा कुलूप स्क्रिप्टच्या आतच, डिस्क्रिप्टर ९ वर घ्या:

एक्झेक ९>/रन/लॉक/बॅकअप.लॉक
फ्लॉक -एन ९ || एक्झिट ७५

आणि डेमन सोडताना, त्याच्याकडचा डिस्क्रिप्टर ९ बंद करायला, त्याच ओळीत ९>&- लिहा. कोणी हाताने स्क्रिप्ट चालवली तरी अडते, हा वरचा फायदा. क्रॉनटॅबमधलंच कुलूप ठेवायचं असेल तर निदान -ई ७५ द्या, म्हणजे कुलूप न मिळाल्यास परतीचा कोड ७५ येईल. एरवी कुलूप न मिळाल्याचा कोड १ असतो आणि स्क्रिप्ट स्वतः फसली तरी बहुधा १च.

टायमरबरा
क्रॉनच कशाला? सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) टायमरने उठवलेली सर्व्हिस आधीच चालू असेल तर दुसरी सुरू होत नाही. रनटाइममॅक्ससेक (जास्तीत जास्त किती वेळ चालायचं ते) दिलं की लटकलेली मारतोही. मात्र वनशॉट (एकदा काम करून संपणाऱ्या) प्रकाराला ते लागू होत नाही, तिथे टाइमआउटस्टार्टसेक द्यावं लागतं.

शेलकरी
आणि दोन सर्व्हर एकाच एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटून घेतलेली साठवण) लिहीत असतील तर? टायमर आपल्यापुरतं बघणार, /रनमधलं कुलूपही त्याच मशीनपुरतं.

कर्नलवाला
मग लॉक फाइल एनएफएसवरच ठेवा. २.६.१२ कर्नलपासून लिनक्स तिथे फ्लॉकचं रूपांतर अख्ख्या फाइलच्या बाइट-रेंज कुलपात करतो, त्यामुळे दुसऱ्या सर्व्हरलाही ते दिसतं. आधी माउंटचे पर्याय मात्र बघून घ्या. नोलॉक किंवा लोकल_लॉक=फ्लॉक असेल तर दोन्ही सर्व्हरना कुलूप मिळेल आणि एररही येणार नाही.